ऑर्लिनचं थोडंफार

ब्रिटाचा कॉम्प्युटर कामाला लागायचा तो जानेवारीच्या थंडीत सुरू केलेल्या म्हाताऱ्या ट्रॅक्टरसारखा. आधी खोकायचा, मग थरथरायचा, आणि मग आपल्याला नक्की कशासाठी उठवलंय हे आठवत बसायचा. तोवर ब्रिटा कॉफी ओतून घ्यायची, लिनेआच्या धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावायची, खिडकीबाहेर बघायची. बाहेर बर्फ असायचं. परत येऊन बघावं तर पडद्यावर एका कपाटाचं एक दार उघडलेलं असायचं, तेही अर्धंच.

कपाटं हेच तिचं काम. डोरीन ट्वेटच्या कारखान्यात स्वयंपाकघरातली कपाटं बनत आणि त्यांचे नकाशे ब्रिटा काढायची. लिनेआ झाल्यावर तिने भीतभीत विचारलं होतं, घरून काम केलं तर चालेल का. डोरीनने खूप वेळ खिडकीकडे बघितलं होतं आणि म्हणाली होती, "बघू या. तळ्याकाठच्या डॉक्टरांचं स्वयंपाकघर कर घरून. घाई नाही काही. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत आलं तर बरं पडेल."

मिनेसोटात जन्म काढलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शुक्रवारी नकाशे आले नाहीत, तर सोमवारी ब्रिटा आपल्या जुन्या खुर्चीत बसलेली दिसली पाहिजे. आणि मग लिनेआला ठेवायचं कुठे? गावात मुलं सांभाळणाऱ्या एकच बाई होत्या, आणि त्यांच्या रांगेत अजून जन्माला न आलेली मुलंसुद्धा लिनेआच्या पुढे होती.

एक गोष्ट मात्र देवाने बरी केली होती. लिनेआ दुपारी झोपायची. नुसती झोपायची नाही, गाढ झोपायची. ब्रिटाच्या टेबलाला टेकवलेल्या पाळण्यात, मुठी वर करून, कुणीतरी शरण यायला सांगितल्यासारखी. सात महिन्यांच्या बाळाने इतकं शहाण्यासारखं झोपावं याचं श्रेय घरातल्या प्रत्येकाने घेऊन टाकलं होतं. ब्रिटाला वाटायचं आपण पुस्तक वाचून बसवलेल्या वेळापत्रकामुळे. तिच्या नवऱ्याला, ट्रेव्हरला, वाटायचं आपण सकाळी गातो त्या गाण्यामुळे. त्याच्या आईने, आर्डिसने, तुकडे जोडून शिवलेल्या गोधडीला श्रेय दिलं होतं, पण तसं ती तोंडाने म्हणायची नाही. फक्त म्हणायची, "गोधडी उबदार असावी बहुतेक."

तर बाळ झोपायचं, पण कॉम्प्युटर चालायचा नाही. डॉक्टरांच्या स्वयंपाकघरात मधोमध मोठा ओटा होता, त्याला खाली बावीस खण, आणि तो ओटा पडद्यावर वळवायचा म्हटलं की टेबलाखालच्या खोक्यातून खर्र, घुर्र, खर्र, घुर्र सुरू व्हायचं. टेबल थरथरायचं. कॉफीत वर्तुळं उठायची. ओटा मात्र हलायचा नाही.

"मेमरी कमी पडतेय," ट्रेव्हर म्हणाला. तो काउंटीचा बर्फ सारायचा नांगर चालवायचा, आणि नांगर चालवताना ऐकलेल्या रेडिओवर त्याला जगातलं बरंच काही कळलेलं होतं. "असं समज, तुझा ओटा एका ताटाएवढा आहे. एक भांडं ठेवायचं तर दुसरं तळघरात नेऊन ठेवावं लागतं. मग ते हवं झालं की परत तळघर. ती खरखर म्हणजे त्याची जिन्यावरची पळापळ."

हे ब्रिटाला चटकन कळलं. ओट्याच्या बाबतीत तिला कुणी काही शिकवायची गरज नव्हती. "मग ओटा मोठा करायचा."

"मोठा करायचा. मेमरीच्या पट्ट्या मिळतात. जुनी काढायची, नव्या बसवायच्या. मला वाटतं बाबांना येतं ते."

पट्ट्या मागवल्या गेल्या, आल्या, आणि ब्रिटाने सासरी फोन केला. फोन आर्डिसने उचलला.

"ऑर्लिन आहेत का?"

"आहे की. जाणार कुठे? मी डबे लावतेय मांडणीत, तर मला डब्यांवरचं वाचून दाखवतोय. घेवड्याच्या डब्यात मीठ किती असतं ते मला आता पाठ आहे."

ब्रिटाचा सासरा ऑर्लिन शरद ऋतूत डेअरीतून निवृत्त झाला होता. तेव्हापासून तो घरात असायचा, आणि आर्डिसला घरात माणूस असण्याची सवय फक्त संध्याकाळची होती. तो फोनवर आला. ब्रिटाने विचारलं, मेमरी बदलायचं काही कळतं का तुम्हाला?

"हं," ऑर्लिन म्हणाला. "थोडंफार बघितलंय मी ते. डेअरीत."

ब्रिटाने फोन ठेवला आणि खांद्यावरून ओझं उतरल्यासारखी खुर्चीत टेकली.

"काय म्हणाले?" ट्रेव्हरने विचारलं.

"थोडंफार बघितलंय म्हणाले."

"थोडंफार म्हणाले? मग झालंच म्हणून समज."

आणि यात त्याची काही चूक नव्हती. त्या गावात स्वतःला एखादी गोष्ट येते असं कुणी म्हणत नाही. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी मर्टल 'थोडंफार वाजवते', आणि तिला ऐकायला शेजारच्या डकोटातून लोक गाडी काढून येतात. होडीचं इंजिन 'थोडंफार बघितलेल्या' ऑर्लिनने ते स्वतःच्या गॅरेजमध्ये शेवटच्या स्क्रूपर्यंत उघडून पुन्हा उभं केलं होतं. 'मला येतं' असं म्हणणारा माणूस गावात एकच होता, विमा विकायचा, आणि त्याला कुणी साधी खिडकी बसवायला बोलवत नसे. तेव्हा 'थोडंफार' म्हटलं की विषय संपला.

शनिवारी जेवणं झाल्यावर ऑर्लिन आणि आर्डिस आले. दारात बूट काढले, कोट काढले, आणि रस्ता कसा होता याची साग्रसंगीत चर्चा झाली. आर्डिसने हॉटडिशचं, म्हणजे खिमा-भाज्यांच्या भाजलेल्या थराचं, भांडं ठेवलं, वर बटाट्याचे गोळे कवायतीला उभे केल्यासारखे ओळीत. लिनेआला कडेवर घेऊन ती जेवणघराच्या खुर्चीत बसली. ऑर्लिनने आपली लाल पेटी टेबलावर ठेवली, उघडली, आणि आतून सर्वांत आधी टॉर्च काढला. तो पेटवून बघितला. विझवला. पुन्हा पेटवला. हे सगळं इतक्या सफाईने केलं की ब्रिटाची उरलीसुरली शंकाही फिटली.

खोकं स्वयंपाकघरात आणलं, बाजूचं झाकण काढलं. आत धुळीचे गोळे लोळत होते.

"थांबा," ब्रिटा म्हणाली. तिने व्हिडिओ बघून ठेवला होता. "अंगातली वीज काढायची आधी. ठिणगी उडाली तर पट्टी जाते म्हणे. मोजे काढा."

ऑर्लिनने आपल्या पायांकडे बघितलं. जाड लोकरीचे मोजे, आर्डिसने विणलेले, राखाडी, वर लाल कडा. गालिचावरून चालत आलेले. हवा इतकी कोरडी की सकाळी ब्रिटाने मांजराला हात लावला होता तर दोघंही उडाली होती.

"मोजे," ऑर्लिन म्हणाला.

"पायाला फरशी लागली पाहिजे."

"मी त्या खोक्याला हात लावेन की. पत्रा आहे तो."

"तेही लावा. पण मोजे काढा."

आर्डिसने आदबीने तोंड खिडकीकडे वळवलं. ऑर्लिनने मोजे काढले, घडी घातली, खुर्चीवर ठेवले. त्याचे पाय पांढरेफटक होते, कधी ऊन न दाखवलेले, आणि ते दिवसाढवळ्या सुनेच्या स्वयंपाकघरात उघडे पडल्याचं त्यांनाच अवघड वाटत असावं, कारण बोटं आत वळली होती.

"हं, आता," ब्रिटा म्हणाली.

ऑर्लिनने टॉर्च पेटवला आणि खोक्यात उजेड पाडला. उजेड अगदी नेमक्या जागी पडला. हात जरासुद्धा हलत नव्हता. सगळे बघत राहिले. ऑर्लिनही बघत राहिला.

"काढू का जुनी?" ब्रिटाने शेवटी विचारलं.

"काढ ना. तू काढ. मी धरतो उजेड."

ब्रिटाला वाटलं, आपल्याला शिकवतायत. गुरू असाच असतो. तिने दोन्ही टोकांचे चिमटे बाहेर ढकलले, जुनी पट्टी निघून हातात आली. एका चॉकलेटच्या वडीएवढी. एवढ्याशा जागेत डॉक्टरांचं अख्खं स्वयंपाकघर कोंबायला निघालो होतो आपण, तिला वाटलं, आणि बिचाऱ्या खोक्याची दया आली.

नव्या पट्ट्या मात्र ऑर्लिनने घेतल्या. चष्मा नाकावर खाली आणला, पट्टीची खाच कुठे, जागेतला उंचवटा कुठे, सगळं तीनदा पडताळलं, आणि तव्यावर बटाट्याची पातळ पोळी, लेफ्से, सोडावी तशी ती अलगद टेकवली. मग दुसरी. बोटांच्या टोकांनी, जरासंच दाबलं. माफी मागितल्यासारखं.

"बसली?" ट्रेव्हरने विचारलं.

"बसली असावी," ऑर्लिन म्हणाला.

तारा जोडल्या, बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच. आणि खोक्यातून एक लांब बीप आला. मग आणखी एक. मग आणखी. आर्डिसच्या मांडीवर लिनेआने ओठ काढला.

"हे काय म्हणतंय?" ब्रिटाने विचारलं.

"काहीतरी म्हणतंय खरं," ऑर्लिन म्हणाला.

"म्हणजे काय म्हणतंय ते?"

ऑर्लिनने टॉर्च विझवला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "ब्रिटा, मला हे थोडंफारच येतं."

"हो, ते तुम्ही फोनवर म्हणालात."

"तेच म्हणतोय. थोडंफार."

"बाबा," ट्रेव्हर हळूच म्हणाला, "म्हणजे खरंखरं थोडंफार?"

"डेअरीत कॉम्प्युटरवाला यायचा फार्गोहून. तो बदलायचा. मी टॉर्च धरायचो." त्याने खाली पायांकडे बघितलं. "चांगला धरतोस म्हणायचा तो."

आर्डिस म्हणाली, "कॉफी टाकू का?" कारण अशा वेळी दुसरं काही म्हणता येत नाही.

खोकं बीप करतच होतं. ब्रिटाने तार उपटली. व्हिडिओतली मुलगी काय म्हणाली होती ते ती आठवू लागली. त्या मुलीने पट्टी ठेवली होती आणि मग अंगठे रोवून दाबली होती, आणि असा आवाज आला होता की बघताना ब्रिटाने स्वतःचे डोळे मिटून घेतले होते. तिला तेव्हाच वाटलं होतं, ही मुलगी इकडची नव्हे. इकडे कुणी कशाला असं दाबत नाही. दार लोटायचं तरी आधी टकटक, मग खोकला, मग 'मी आत येऊ का, नको असेल तर राहू दे.'

"दाबायला हवी," ती म्हणाली.

"मोडेल," ऑर्लिन म्हणाला.

"मोडेल," आर्डिस म्हणाली.

"जोरात दाबायला हवी." ब्रिटाने खोक्याच्या पत्र्याला हात लावला, अंगठे पट्टीच्या दोन टोकांवर ठेवले, श्वास घेतला आणि अंग टाकलं. मदरबोर्ड वाकल्यासारखा झाला. करकर झाली. ट्रेव्हरने तोंड फिरवलं. मग कटक्. दोन्ही टोकांचे चिमटे आपोआप उठून जागच्या जागी बसले. दुसरी पट्टी. कटक्.

बटण दाबलं आणि पडदा उजळला. कॉफी ओतायच्या आत उजळला. ब्रिटाने डॉक्टरांचं स्वयंपाकघर उघडलं, मधला ओटा पकडला आणि फिरवला, आणि तो बावीस खणांसकट फिरला, नाचायला उठलेल्या मुलीसारखा. खर्र नाही, घुर्र नाही. कॉफी कपात स्थिर.

सगळे टेबलाभोवती उभे राहून बघत होते.

"वाईट नाही," ट्रेव्हर म्हणाला. त्याहून मोठं कौतुक त्या घरात लग्नाच्या दिवशीही झालं नव्हतं.

मग निघायची वेळ झाली. निघतो म्हटल्यापासून गाडी सुरू होईपर्यंत दारात इतकं बोलणं झालं, हवेबद्दल, तळ्यावरच्या बर्फाच्या जाडीबद्दल, कुणाच्या तरी गुडघ्याबद्दल, की ऑर्लिन बूट घालताना मोजे विसरला. फक्त आर्डिस जाता जाता ब्रिटाला म्हणाली, "त्याला बरं वाटलं बोलावलंस ते. हल्ली तळघरातच असतो जास्त. झोपतोही तिथेच. मीच म्हटलं, उबदार आहे तिथे."

"आजोबा घोरतात," आईबाबा गेल्यावर ट्रेव्हरने लिनेआला सांगितलं. "छप्पर हलतं. पण आजी तसं म्हणणार नाही. आजी म्हणणार, तळघर उबदार आहे."

सोमवारी दुपारी ब्रिटाने लिनेआला गोधडीत गुंडाळलं, पाळण्यात ठेवलं, कॉम्प्युटर सुरू केला आणि बाह्या सरसावून बसली. अशा कॉम्प्युटरवर डॉक्टरांचं स्वयंपाकघर म्हणजे दोन दुपारींचं काम. मागून एक शब्द आला, "द्या."

लिनेआ जागी होती. पाळण्याचे गज धरून बसली होती आणि आईच्या पाठीकडे मोठ्या आस्थेने बघत होती.

ब्रिटाने तिला आडवं केलं. ती उठली. थोपटलं. तिला मजा वाटली. वेळापत्रकाच्या पुस्तकात अशा वेळी खोलीबाहेर जा म्हटलं होतं. ब्रिटा बाहेर गेली, आणि आतून जो टाहो आला त्याने मांजर फ्रिजवर चढलं. ट्रेव्हरने जेवायच्या सुट्टीत नांगर रस्त्याकडेला लावून फोनवरून गाणं म्हटलं. लिनेआने फोन चाखून बघितला. ब्रिटाने धबधब्याचा आवाज लावला, व्हॅक्यूम लावला, कपड्यांचा ड्रायर लावला. बाळ प्रत्येक नवा आवाज कुठून येतो ते मान वळवून शोधत होतं, आणि दुपार उलटली तेव्हा आईपेक्षा टवटवीत होतं.

मंगळवारीही तेच. संध्याकाळी ब्रिटा लिनेआला मांडीवर घेऊन एका हाताने पडद्यावर खणांच्या मुठी बसवत होती, आणि लिनेआ कीबोर्डवर थापा मारून त्या पुसून टाकत होती.

"हल्लीच काय झालं हिला?" ती ट्रेव्हरला म्हणाली. "दात येतायत का? शनिवारपर्यंत कशी..." आणि ती थांबली. तिने टेबलाखालच्या खोक्याकडे बघितलं. मग टेबलाला टेकवलेल्या पाळण्याकडे. मग कॉफीच्या कपाकडे, ज्यात आता वर्तुळं उठत नव्हती.

"ट्रेव्हर," ती म्हणाली, "ती माझ्या वेळापत्रकाने झोपत नव्हती."

"माझ्या गाण्याने."

"तुझ्या गाण्यानेही नाही. खरखरीने झोपत होती. टेबल हलायचं त्याने."

दोघं खोक्यासमोर बसून राहिली. जुनी पट्टी खणात होती. परत बसवली की बाळ झोपेल, आणि ओटा हलणार नाही. राहू दिली की ओटा नाचेल, आणि बाळ बसून बघेल. ब्रिटाने पट्टी खणातून काढली, हातात वळवली, परत ठेवली. लिनेआ आनंदाने तिच्या केसांना लोंबकळत होती.

बुधवारी दुपारी दारावर टकटक झाली, मग खोकला. ऑर्लिन होता. हातात झाकलेलं भांडं. "आर्डिसने पाठवलंय. आणि माझे मोजे राहिलेत बहुतेक. नसतील तर असू दे."

"आत या ना."

"नको, बसत नाही. तुझं काम असेल."

"कॉफी घ्या."

"नको नको, त्रास नको."

"टाकलीय मी."

"टाकलीच असेल तर," ऑर्लिन म्हणाला आणि आत आला. कोट काढला नाही, म्हणजे बसत नाही हे सर्वांना दिसेल. मागे रेलणाऱ्या खुर्चीत टेकला, लिनेआच्या पाळण्याशेजारी. जरा मागे रेलला. म्हणाला, "तळ्यावर बर्फ अजून..." आणि बर्फाचं काय ते राहूनच गेलं.

ब्रिटा कॉफी घेऊन आली तेव्हा खोलीत आवाज भरला होता. खर्र. घुर्र. मधे एक थांबा, जिन्यावर दम खायला थांबल्यासारखा. खर्र. खुर्ची थरथरत होती, खुर्चीखालची फळी थरथरत होती, फळीवरचा पाळणा थरथरत होता. आणि पाळण्यात लिनेआ, मुठी वर करून, गाढ.

ब्रिटा तशीच उभी राहिली, दोन कप हातात. मग दोन्ही कप स्वतःच प्यायली आणि बसून काम केलं. अख्खी पूर्वेकडची भिंत झाली. बारीकसारीक सगळं. मधेच तिला एक गोष्ट सुचली आणि तिने फोन ऑर्लिनच्या नाकाजवळ धरून आवाज भरून घेतला.

उजेड कलू लागला तसा ऑर्लिन दचकून जागा झाला. "डोळा लागला वाटतं. माफ कर. तुझी दुपार घालवली." त्याने मोजे खिशात कोंबले आणि घाईघाईने निघून गेला, निरोपाची निम्मी बोलणी न करताच.

गुरुवारी ब्रिटाने फोनवरचा आवाज लावून पाळण्यात ठेवला. लिनेआचा चेहरा उजळला. ती उठून बसली आणि तिने खुर्चीकडे बघितलं. खुर्ची रिकामी होती. तिने फोनकडे बघितलं, परत खुर्चीकडे, आणि आपल्याला फसवलं गेलंय हे कळून ओठ थरथरवत रडायला लागली. असं रडू ब्रिटाने आधी ऐकलं नव्हतं. ते झोपेसाठी नव्हतं. ते एका माणसासाठी होतं.

मधला ओटा, बावीस खण, आणि धान्याची मांडणी बाकी होती. उद्या शुक्रवार.

रडत्या बाळाला कडेवर घेऊन तिने फोन लावला. ऑर्लिनने उचलला, आणि पलीकडे दुसऱ्या खोलीतला फोनही उचलल्याचा खुट्ट आवाज आला. आर्डिस होती. आर्डिस फोनवर नेहमी असायची, बोलायची नाही एवढंच.

"ऑर्लिन," ब्रिटा म्हणाली, "खुर्ची रिकामीच आहे इथे."

"मोडली का? काल जरा जड टेकलो मी. येऊन बघतो सावकाश. थोडंफार सुतारकाम..."

"मोडली नाही. म्हणजे, तुम्हाला वाटलं आज इकडे यावंसं, तर..."

"नको, तुला काम असतं. कालच मी नको तेवढा बसलो."

ब्रिटाने डोळे मिटले. अंगठे टोकांवर ठेवायचे आणि अंग टाकायचं. करकर होणारच.

"ऑर्लिन, तुम्ही येऊन झोपा. इथे, खुर्चीत. घोरा. तुम्ही घोरलात की लिनेआ झोपते आणि मला काम करता येतं. मला उद्या नकाशे द्यायचेत, नाहीतर माझं घरून काम बंद. मला तुमचं घोरणं हवंय."

पलीकडच्या फोनवर आर्डिसने श्वास ओढल्याचं ऐकू आलं.

"मी घोरतो?" ऑर्लिन म्हणाला.

ब्रिटाने लिनेआला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"आर्डिस," ऑर्लिन म्हणाला, "मी घोरतो का?"

"थोडंफार," आर्डिस म्हणाली.

"म्हणून तळघर?"

"तळघर उबदारही आहे."

"मला वाटलं," ऑर्लिन म्हणाला आणि थांबला. ब्रिटाला वाटलं फोन ठेवावा, हे आपलं ऐकायचं नाही. पण ठेवला तर ती दोघं हा विषय पुन्हा कधीच काढणार नाहीत हेही तिला माहीत होतं. "मला वाटलं, दिवसभर घरात असतो म्हणून नकोसा झालो तुला. आधी पलंगावरून तळघरात. मग म्हटलं, पुढे गॅरेज असेल."

"नकोसा?" आर्डिसचा आवाज चढला, म्हणजे इतरांच्या नेहमीच्या आवाजाएवढा झाला. "ऑर्लिन एंगेब्रेटसन, तू घोरायला लागलास की माझे दात ग्लासात वाजतात. लग्न झाल्यापासून घोरतोस. आधी पहाटे डेअरीत जायचास, तेवढी तरी झोप मिळायची मला."

"मग सांगायचं नाही का?"

"कसं सांगायचं? तुला वाईट वाटलं असतं."

"तळघरात जास्त वाईट वाटलं."

"कापूस घालेन मी कानात," आर्डिस म्हणाली. "तुझी गोधडी वर आणून ठेव आज." मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि खुट्ट झालं.

"मग येताय ना?" ब्रिटा म्हणाली.

"नको गं. मुद्दाम कशाला. तू माझ्यासाठी म्हणतेयस."

"या ना."

"तुला अडचण होईल."

लिनेआ कडेवर हुंदके देत होती. ब्रिटाने फोन तिच्या तोंडाशी धरला. लिनेआने फोनमध्ये एक शब्द म्हटला, "द्या," आणि तो तिला येणारा एकमेव शब्द होता. पण दोन नकारांनंतर आलेली ती तिसरी विनंती होती, आणि तिसऱ्याला इकडे नाही म्हणत नाहीत.

"येतोच," ऑर्लिन म्हणाला.

तो उशी काखेत मारूनच आला. या वेळी कोट काढला, बूट काढले, मोजे काढून घडी घालून ठेवले. "वीज नको," म्हणाला. खुर्चीत बसला, घसा खाकरला, आणि मायलेकी आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर त्याला झोपच येईना. शेवटी ब्रिटाने त्याला घेवड्याचा एक डबा दिला. तो डब्यावरचं वाचू लागला. मिठापर्यंतही पोचला नाही.

खर्र. घुर्र.

शुक्रवारी नकाशे गेले. डोरीनचं उत्तर आलं, "वाईट नाहीत. पुढचं काम पाठवतेय, घाई नाही." ब्रिटाने ते ट्रेव्हरला वाचून दाखवलं आणि दोघांनी ते पुन्हा एकदा वाचलं, कारण डोरीनने दोन वाक्यं लिहिल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी चालू होती. ऑर्लिन भिंतीशी उभा होता, हातात लिंबाच्या वडीचा तुकडा, आणि शेजारी आर्डिस. तिच्या कानात कापसाचा एक पुंजका राहून गेला होता, त्याबद्दल तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. ऑर्गनवाली मर्टल पुढे आली.

"दिसतोस बरा, ऑर्लिन. निवृत्त होऊन काय करतोस हल्ली?"

"सुनेकडे जातो दुपारचा. तिच्या कॉम्प्युटरच्या कामात हातभार." ऑर्लिनने कॉफीचा घोट घेतला. "थोडंफार."

मर्टलने कप बशीत ठेवला आणि त्याच्याकडे नव्या आदराने बघितलं. "माझा फार हळू चालतो रे," ती म्हणाली. "येऊन बघशील का एकदा?"

"नको, मला काय कळतंय त्यातलं," ऑर्लिन म्हणाला, आणि ते अक्षरशः खरं होतं.

मर्टल हसली. असं म्हणणाऱ्या माणसाला सगळंच येत असणार हे तिला पुरतं ठाऊक होतं. "मंगळवारी येतोस?" ती म्हणाली.

टेबलाच्या पलीकडे ब्रिटा लिनेआला वडीचा चुरा भरवत होती. तिने मान वर केली, सासऱ्याकडे बघितलं, आणि मर्टलला गोड आवाजात म्हणाली, "दुपार सोडून बोलवा. दुपारी ते कामावर असतात."